तांबट आळी ते शनिवारवाडा : जुनी नगरवर्णनं हाताशी घेऊन ऐतिहासिक कथा लिहिताना

कसबा पेठेतल्या तांबट आळीतून बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा निघाला आहे. खांद्यावर नुकताच ठोके देऊन मठारून झालेला तांब्याचा हंडा. शनिवार पेठेतल्या एका वाड्यावर तो पोचवायचा, मजुरी घ्यायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी परतायचं. दिवस आहे ३० ऑगस्ट १७७३. वाटेत शनिवारवाडा लागतो.

पुण्यावर ऐतिहासिक कथा किंवा कादंबरी लिहू पाहणारी नवी मंडळी भेटली, की मी त्यांच्या हाती हा पोरगा सोपवतो. त्या दिवशी भरदुपारी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. पोराला नाही. त्याला फक्त हंडा पोचवायचा आहे. तो कुठल्या वाटेनं जाईल? पायाखाली चिखल असेल का? वाड्याच्या ज्या दरवाजावरून तो जाईल, त्याला तेव्हा लोक काय म्हणत? मजुरी कोणत्या नाण्यात मिळेल?

असे दहा प्रश्न घेऊन जुनं नगरवर्णन उघडलं, की ते बोलायला लागतं. प्रश्न न घेता उघडलं, तर दोनशे पानं वाचून हाती टिपणांचा ढीग येतो आणि कथा जागची हलत नाही. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. चार वह्या भरल्या होत्या, त्यात पेठांचे वार, देवळांची नावं, वाड्यांचे मालक सगळं होतं. पण एकही माणूस त्या पेठांमधून चालत नव्हता. तेव्हापासून मी शहराचा इतिहास पात्राच्या पायांनी वाचतो. ते कसं करायचं, तेवढंच इथे सांगतो.

आधी माणूस, दिवस आणि वाट

‘पेशवाईतलं पुणं’ अशी गोष्ट नसते. बाळाजी विश्वनाथांना १७१३ साली पेशवेपद मिळालं आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. मधल्या शंभर वर्षांत हे गाव कितीदा तरी बदललं. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० सालची. कात्रजहून नळानं पाणी आणायचं काम नानासाहेबांनी १७४९ साली हाती घेतलं. १७६३ साली निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं, जाळलं. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या आणि दुसरे बाजीराव पळाले. १७४० साली एखादी बाई हौदावर पाणी भरायला जाते आणि १७६० साली जाते, यात फरक आहे. कात्रजचं पाणी आलेलं नाही, तर ती ओढ्यावर, विहिरीवर, नाहीतर नदीवर जाणार. तिची वाट वेगळी, तिला भेटणारी माणसं वेगळी.

म्हणून पहिल्यांदा तारीख ठरवा. तारीख जमत नसेल तर निदान महिना आणि साल.

तारीख ठरली की पात्राचं वय आपोआप अर्थपूर्ण होतं. आपला पोरगा १७७३ साली बारा-तेरा वर्षांचा, म्हणजे तो पानिपतच्या आगेमागे जन्मलेला. त्याच्या घरात वय सालावरून कुणी मोजत नसणार. “पानपतात आपले लोक गेले तेव्हा हा पोटात होता,” असं आजी सांगत असणार. निजामाची जाळपोळ झाली तेव्हा तो दोन-तीन वर्षांचा, कुणाच्या तरी कडेवर. त्याला काही आठवत नाही, पण आईला सगळं आठवतं. शनिवारवाड्याच्या बाजूनं गलका ऐकू आल्यावर ती काय करेल, हे मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात सापडलं नाही. ते दोन तारखा शेजारी ठेवल्यावर सापडलं.

पुस्तक कुणी लिहिलं आणि किती वर्षांनी

पुण्याबाबत आपण नशीबवान आहोत. शहराची वर्णनं लिहिणारे लोक इथे दीडशे वर्षांपूर्वीच होते. नवख्यानं निदान तीन पुस्तकं हाताळावीत.

पहिलं, ना. वि. जोशी यांचं १८६८ सालचं ‘पुणे शहराचे वर्णन’. पेशवाई जाऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. दुसऱ्या बाजीरावांचं पुणं लहानपणी पाहिलेली म्हातारी माणसं अजून ओट्यांवर बसत असणार. त्यामुळे १८०० ते १८१८च्या कथेसाठी हे पुस्तक जवळचं आहे. आपल्या पोराच्या दिवसापासून मात्र ते पंचाण्णव वर्षं लांब आहे. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी पेन्सिलीनं हाच आकडा लिहून ठेवतो: लेखक आणि माझी गोष्ट यांच्यामध्ये किती वर्षं. आकडा मोठा असेल तर त्या पुस्तकातलं ‘असे सांगतात’ जपून घ्यायचं.

दुसरं, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड. पुणे जिल्ह्यावरचा हा खंड तीन भागांत १८८५ साली निघाला. इंग्रजीत आहे, पण मागे हटू नका. शहराच्या वर्णनात पेठवार घरं, वस्ती, देवळं, बाजार, पाण्याचे नळ असं सगळं येतं. मोजमापाच्या बाबतीत त्याला तोड नाही. माणसांच्या बाबतीत मात्र सावध राहा. राज्यकारभार चालवायला केलेलं ते पुस्तक आहे; एकेका जातीचा स्वभाव दोन ओळींत सांगून ते मोकळं होतं. तशी ओळ उचलून पात्राच्या तोंडावर चिकटवली, तर १८८५ सालच्या साहेबाची नजर तुमच्या कथेत येऊन बसते. आणखी एक : त्या पुस्तकातलं ‘हल्ली’ म्हणजे १८८५. वाचता वाचता हे विसरायला होतं.

तिसरं, भारत इतिहास संशोधक मंडळाचं ‘पुणे नगर संशोधन वृत्त’. मंडळ १९१० साली वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापलं; हे वृत्त १९४०च्या दशकात खंडाखंडानं निघालं. मला ते सगळ्यांत जिव्हाळ्याचं वाटतं, आणि त्याला कारण आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात बसले. वाड्यांबरोबर माळ्यावरच्या पेट्याही गेल्या. त्या पुराच्या आधी कुणीतरी दारोदार फिरून देवळं, वाडे, कागद यांची नोंद केलेली आहे. आज ज्या जागी तुम्हाला सोसायटीचं गेट दिसतं, तिथला चौक त्या पानांत अजून उभा आहे.

ही तिन्ही पुस्तकं सलग वाचू नका. एकच जागा घ्या आणि ती तिन्हींत काढून वाचा. शनिवारवाडाच घ्या. आतल्या इमारती १८२८च्या आगीत गेल्या. म्हणजे १८६८ आणि १८८५ साली लिहिणाऱ्यांनी आतले महाल स्वतः पाहिलेले असणं कठीण. ते ऐकून किंवा आधीच्या कागदांवरून लिहिताहेत. तट, बुरूज, दरवाजे मात्र त्यांनी पाहिले आहेत. दिवाणखान्याचं वर्णन आणि दरवाजाचं वर्णन एकाच पानावर असलं, तरी दोन्हींचं वजन सारखं नाही.

बखरी हा आणखी वेगळा माल. कृष्णाजी विनायक सोहोनी यांची ‘पेशव्यांची बखर’ वाचाच, पण भाषेचा ठसका, लोक काय बोलत होते, कशाची हळहळ वाटत होती, यासाठी वाचा. तारीख तिच्यावरून ठरवू नका.

तारीख सोडवायला शिका

इथे नवखे घाबरतात, पण दोन दुपारी दिल्या तर हे येतं. जुन्या कागदात तीन कालगणना गुंतलेल्या असतात.

शालिवाहन शक सोपा : त्यात ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी ७९. सुहूर सन म्हणजे कागदात अरबी शब्दांत लिहिलेलं साल. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ : अर्बा चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११७४. हे साल मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. नारायणरावांचा खून ऑगस्टमधला, म्हणून ११७४ अधिक ५९९, म्हणजे १७७३. सवाई माधवरावांचा जन्म पुढच्या एप्रिलचा. सुहूर सन तोच, ११७४, पण मिळवायचे ६००, म्हणजे १७७४. एवढा एक नियम चुकला की बाप मरायच्या आधी पोर जन्माला येतं. तिसरा प्रकार ‘छ’ लिहून दिलेल्या मुसलमानी चांद्र तारखांचा. त्यासाठी जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचं कोष्टक, जवळ ठेवा.

आता कथालेखकाला या खटाटोपातून काय मिळतं ते बघा. ३० ऑगस्ट १७७३ म्हणजे शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. एवढ्याशा ओळीत केवढं आहे! भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे गणपती बसलेले आहेत, अनंत चतुर्दशी तोंडावर आली आहे. वाड्यातही पेशव्यांचा गणपती आहे. भाद्रपद म्हणजे मुठेला पाणी असणार. सोमवार म्हणजे काही घरांत उपास. आणि शुद्ध त्रयोदशी म्हणजे त्या रात्री आभाळ उघडं असेल, तर जवळजवळ भरलेला चंद्र. त्या रात्री नदीकाठी अंत्यविधी झाला. ‘काळ्याकुट्ट अंधारात मशालींच्या उजेडात’ असं वाक्य मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. तिथी काढल्यावर ते खोडावं लागलं. ढग आणले तर अंधार ठेवता येतो, पण मग ढग आधीच्या प्रसंगापासून यायला हवेत.

तिथी म्हणजे दिवसाचा दिवा आहे. ती न काढता रात्रीचा प्रसंग लिहू नका.

नावांनाही वय असतं

ऐतिहासिक कथेतल्या बहुतेक चुका माणसांच्या नसतात, नावांच्या असतात. पुण्यात तर जास्तच, कारण इथे प्रत्येक कोपऱ्याला नाव आहे.

पोराची वाट पुन्हा धरू. तो शनिवारवाड्याजवळ आला. वाड्याला पाच दरवाजे : दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ. या जांभूळ दरवाजालाच आपण नारायण दरवाजाही म्हणतो. का, तर नारायणरावांचा मृतदेह त्या दरवाजानं बाहेर नेला म्हणून. म्हणजे त्या सोमवारी सकाळी ‘नारायण दरवाजा’ हे नाव जगात नव्हतंच. पोरगा त्याला जांभूळ दरवाजाच म्हणणार. तुमच्या कथेत निवेदक आजचा असेल, तर तो हे नाव वापरू शकतो. पण पोराच्या तोंडी आलं, की जाणता वाचक पुस्तक मिटतो.

हजारी कारंजं सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी बांधलं असं सांगतात, आणि ते जन्मले १७७४ साली. म्हणून १७७३च्या प्रसंगात ते कारंजं नको. माझ्याच एका जुन्या कथेत ते उडत होतं. छापून झाल्यावर एका वाचकानं पोस्टकार्ड पाठवून चूक दाखवली. ते कार्ड मी जपून ठेवलं आहे.

विश्रामबागवाडा १८०७चा. घाशीराम कोतवाल १७७७ नंतरचा. लक्ष्मी रस्ता विसाव्या शतकातला. सार्वजनिक गणेशोत्सव १८९०च्या दशकातला. पेशव्यांच्या वाड्यातला गणपती वेगळा आणि चौकातल्या मांडवातला वेगळा. याउलट कसब्याचा गणपती, जोगेश्वरी, ओंकारेश्वर, पर्वती ही पोराच्या ओळखीची ठिकाणं.

पेठांचंही तसंच. आपण वारांची नावं सरसकट वापरतो, पण सोमवार पेठेला आधी शहापूर म्हणत, रविवारला मलकापूर, शनिवारला मुर्तुजाबाद. बुधवार पेठ म्हणजे औरंगजेबाच्या काळातली मुहियाबाद. गुरुवार पेठ म्हणजे वेताळ पेठ, रास्ता पेठ आधी शिवपुरी, भवानी पेठेच्या भागाला बोरवन. सतराव्या शतकातली कथा असेल तर वारांच्या पेठा काढूनच टाका. अठराव्या शतकातली असेल, तर म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी जुनं नाव आणि तरण्याच्या तोंडी नवं द्या. एका वाक्यात दोन पिढ्या दिसतात.

टोपणनावाच्या देवळांचा मोह आवरा. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा ही नावं इतकी गोड आहेत, की नवखा लेखक ती एकाच परिच्छेदात ओवतो. प्रत्येक नाव कधी पडलं याचा दाखला मिळेपर्यंत पात्राच्या तोंडी घालू नका. डुल्या मारुतीची मूर्ती पानिपतच्या वेळी डुलली, म्हणून ते नाव, अशी आख्यायिका आहे. ती आजीनं सांगितलेली गोष्ट म्हणून कथेत सुंदर दिसेल. निवेदकानं खरं घडलं म्हणून सांगू नये. ‘ध चा मा’चंही तेच : लोकांच्या तोंडची कथा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

आणि पोराची मजुरी? पुण्यात तेव्हा मल्हारशाही, अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत, त्यांच्यावर सराफ बट्टा कापत. पण हंड्याच्या मठारकामाला रुपया कोण देणार? त्याच्या मुठीत तांब्याच्या शिवराया येतील. मूठ वळली की तळहाताला तांब्याचा वास येणार, आणि तांबटाच्या पोराला तो वास घरचाच.

वेळ सांगतानाही घड्याळ विसरा. ‘दोन प्रहर टळले’, ‘चार घटका झाल्या’ असं तो म्हणेल. घटका चोवीस मिनिटांची, प्रहर तीन तासांचा.

जे कुणी लिहिलंच नाही

जुन्या नगरवर्णनांत देवळं आहेत, वाडे आहेत, सरदार आहेत. वाडे शेणानं सारवणाऱ्या बायका नाहीत. ही उणीव नुसती नोंदवून पुढे जाऊ नका. कथा लिहिणाऱ्याचं खरं काम इथेच सुरू होतं.

३० ऑगस्टच्या त्या दुपारी वाड्यात नारायणराव एकटे मारले गेले नाहीत. अकरा माणसं मेल्याचं इतिहासात येतं : सात ब्राह्मण, दोन मराठा नोकर, दोन कुणबिणी. शिवाय एक गाय. नोकरांपैकी चाफाजी टिळेकर यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे. धन्याला वाचवायला ते अंगावर पडले. त्या दोन कुणबिणींबद्दल मात्र आपण ‘दोन’ यापलीकडे बोलत नाही. कुणबीण म्हणजे वाड्यात विकत घेतलेली, राबणारी बाई. पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांत, अशा बायकांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. तेवढा धागा पुरतो. त्यांतली एक सकाळी चौकात काय करत होती, तिला तिचं गाव आठवत होतं का, इथून कादंबरी सुरू होऊ शकते. खरं सांगायचं तर हंडेवाल्या पोरापेक्षा मला तीच जास्त दिसते.

आणखी एक साक्ष वाचाच. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बाजीरावांच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला, तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करत, असं ती लिहिते. नगरवर्णनात गुलटेकडी एक टेकडी आहे. मुक्ताच्या निबंधात ती दहशत आहे. तुमचं पात्र कोण आहे यावर त्याला गुलटेकडी कशी दिसेल हे ठरतं, आणि म्हणून एका जागेबद्दल दोन घरांतले आवाज शोधल्याशिवाय ती जागा लिहू नये असं मला वाटतं.

वही कशी ठेवायची

मी तीन शाया वापरतो. निळी : छापील किंवा हस्तलिखित पुराव्यात सापडलेलं, पान क्रमांकासह. लाल : आख्यायिका, ऐकीव. हिरवी : माझ्या मनाचं. डावं पान टिपणाला, उजवं पान कोरं. कोऱ्या पानावर पोरगा चालतो.

झेरॉक्स काढताना पुस्तकाचं नाव आणि खंड त्याच कागदावर लगेच लिहा. संध्याकाळी लिहू म्हटलं की राहतं. जुनी पुस्तकं आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन करून ठेवलेली मिळतात, पण जुन्या मराठी छपाईत शब्द शोधून सापडेल या भरवशावर राहू नका. अनुस्वारांची गर्दी, जोडाक्षरांचे वेगळे साचे, यंत्र गडबडतं. स्वतःची सूची करा : जागा, पुस्तक, पान. वीस जागांची सूची झाली की निम्मं काम झालं.

दफ्तर आणि मोडी

पेशवे दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०च्या दशकात पंचेचाळीस खंडांत छापले गेले. सुरुवात तिथून करा, ते बाळबोध लिपीत आहेत. मूळ दफ्तर पुणे पुरालेखागारात, मोडीत. तिथे जायचं तर आधी चौकशी करा, ओळखपत्र न्या आणि काय हवंय ते एका ओळीत सांगता येईल अशी तयारी करा. ‘पेशवाईबद्दल काहीही’ असं मागितलं तर कुणीच मदत करू शकत नाही. ‘१७७३च्या पावसाळ्यातला कसब्याचा एखादा हिशेब’ असं मागितलं, तर निदान रस्ता दाखवतात. मोडीचे वर्ग इतिहास संशोधक मंडळात चालतात. मोडी आली नाही म्हणून कथा अडत नाही. आली तर मात्र एखाद्या हिशेबाच्या कागदावर तेल, दोर, सुपाऱ्या यांचे आकडे वाचताना वाटतं, की माणूस आत्ताच उठून गेला आहे.

चित्रंही बघा. १७९०च्या दशकात इंग्रजांचा पुण्यातला वकील, म्हणजे रेसिडेंट, मॅलेट याच्या आश्रयानं जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यात होता आणि त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट हा पुण्याचा माणूस चित्रं काढत होता. पागोटं कसं बांधलं आहे, हे दहा पानांच्या वर्णनापेक्षा एका रेखाटनात कळतं.

कथा पेशवाईतली नसेल तर साधनं बदलतात. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली सुरू झालं, ‘केसरी’ १८८१ साली. त्यातल्या बातम्यांपेक्षा जाहिराती आधी वाचा. रेल्वे १८५८ साली आली, मंडई १८८६ साली उघडली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरे. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरातलं पुणं रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आहे, बाईच्या नजरेनं.

भाषा

कागदपत्रांची भाषा पात्रांच्या तोंडी घालू नका. ‘विनंति विशेष’, ‘बहुत काय लिहिणे’ हे पत्राचे रिवाज. घरात लोक असं बोलत नव्हते. हुजऱ्या, खिजमतगार, बंदोबस्त, रवानगी असे शब्द कारकुनाच्या, शिपायाच्या तोंडी शोभतात. तांबटाच्या घरात ऐरण, भाता, मठार, कल्हई हे शब्द फिरतात. दोन-तीन शब्द नेमके पडले की पुरे. चहा, बटाटा, टोमॅटो काढून टाका. पोराला जाताना आई भाकरी देईल.

आता चालून या

तांबट आळी अजून आहे. सकाळी गेलात तर हातोडीचा ठोका ऐकू येतो. तिथून शनिवारवाड्यापर्यंत पायी जा. रमतगमत गेलात तरी पंधरा-वीस मिनिटं. जमलं तर भाद्रपदात जा, पावसात. आजचे रस्ते सरळ केलेले आहेत, म्हणून जमेल तिथे गल्लीबोळ धरा. चढ-उतार मात्र फारसे बदललेले नाहीत. पाणी कुठे साठतं ते बघा.

आणि लिहून झाल्यावर तो प्रसंग त्या धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवा. मी दाखवला. आळीतले एक वयस्कर काका हातातलं काम न थांबवता ऐकत होते. पहिल्याच वाक्याला त्यांनी मान हलवली. “नवा हंडा खांद्यावर नाही नेत, बाळ. काठ टोचतो. डोक्यावर चुंबळ ठेवायची, नि त्यावर हंडा.” मी विचारलं, पाऊस असला तर? त्यांनी शेजारचा हंडा उचलून उलटा केला आणि नुसता धरून दाखवला. “पोरगंच ते. पालथा घालेल डोक्यावर.”

घरी येऊन मी हिरव्या शाईनं पाऊस लिहिला. पोरगा शनिवारवाड्याच्या तटाखालून जातो तेव्हा हंडा त्याच्या डोक्यावर कानांपर्यंत पालथा आहे. तांब्यावर सरी वाजताहेत. आतल्या चौकात काय चाललंय, त्यातलं त्याला काहीही ऐकू येत नाही.